'बिनव्याजी' कार्डावर घराची दुरुस्ती करावी का? आधी खर्च कुणाचा ते बघा

प्रश्न असा आला आहे. डोंबिवलीत सोळा फ्लॅटांची सोसायटी, चार मजले, ताई सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतात. गेल्या पावसाळ्यात गच्चीतून पाणी झिरपून हॉलच्या छताचा गिलावा सुटला. बाथरूमचं पाणीही खालच्या शेजाऱ्यांच्या छतात उतरतंय. कॉन्ट्रॅक्टरने एकूण २,४०,००० रुपयांचं कोटेशन दिलंय: गच्चीचं वॉटरप्रूफिंग १,३०,०००, हॉलच्या छताचं प्लास्टर २५,०००, बाथरूम ८५,०००. हातात ६०,००० आहेत आणि महिन्याला १२,००० बाजूला काढता येतात. कार्डाचं लिमिट ३,००,०००, बिल दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं, भरायची शेवटची तारीख २५. बँकेचे 'नो-कॉस्ट ईएमआय'चे मेसेज सारखे येतात. शिवाय इंग्लंडमध्ये लेस्टरला असलेली बहीण सांगते की तिने वीस महिन्यांच्या बिनव्याजी कार्डावर घराचं अख्खं छप्पर नवं करून घेतलं. तर मे संपायच्या आत काम उरकायचं आहे, सगळं कार्डावर टाकू का?

ताई, सगळं टाकू नका. थोडं टाकायला हरकत नाही, आणि कोणतं थोडं ते पुढे आकड्यांसकट सांगतो. मी २२ वर्षं बँकेच्या किरकोळ कर्ज विभागात होतो, आता ठाण्यात लोकांना कर्जाची घडी बसवून द्यायचं काम करतो. एप्रिल-मे आला की गळतीचे प्रश्न हटकून येतात, आणि जवळजवळ प्रत्येक जण सुरुवात 'पैसे कुठून आणू' इथून करतो. माझी सुरुवात त्याच्या एक पायरी आधी असते: हा खर्च मुळात तुमचा आहे का?

तुमच्या कोटेशनमधले पहिले दोन आकडे बघा. गच्ची सोसायटीची आहे. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत कोणती दुरुस्ती संस्थेने करायची आणि कोणती सभासदाने, याची यादीच दिलेली आहे. पावसाच्या पाण्याची गळती आणि बाहेरच्या सामाईक नळांची, ड्रेनेजची गळती संस्थेकडे येते. गच्चीतून पाणी मुरल्यामुळे वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं छत आणि त्याचा गिलावा खराब झाला, तर तो दुरुस्त करून देणंही संस्थेकडेच येतं. हे त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं आहे. घरातलं संडास, बाथरूम, सिंक यांची गळती मात्र सभासदाची. म्हणजे तुमच्या २,४०,००० पैकी १,५५,००० हा तुमचा खर्चच नाही. सोळा फ्लॅटांत वाटला तर प्रत्येकी ९,७०० च्या आत बसतो. संस्थेच्या दुरुस्ती व देखभाल निधीत पैसे असतील तर तेवढेही काढावे लागणार नाहीत. त्या निधीसाठी दर वर्षी फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का वर्गणी घ्यायची असते, आणि ती तुमच्या मेंटेनन्सच्या बिलातून जात असणार. बिल काढून बघा.

वरच्या मजल्यावरची माणसं वर्षानुवर्षं 'आपल्याच डोक्यावर गळतंय ना' म्हणून गुपचूप खर्च करत आली आहेत. मला ते बघवत नाही. खालच्या तिन्ही मजल्यांचा पाऊस तुमच्या डोक्यावरची गच्ची अडवते. तिची दुरुस्ती तुम्ही एकटीने कर्ज काढून करावी असं कुठल्याच नियमात नाही. आणखी एक गोष्ट: गच्ची सामाईक असल्यामुळे संस्थेच्या परवानगीशिवाय तिथला कोबा फोडायला तुम्हाला मुळात अधिकारच नाही. उद्या काम बिघडलं तर खापर तुमच्याच माथी फुटेल.

तेव्हा आजच सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या, सोबत छताचे फोटो आणि कोटेशन जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तोंडी सांगणं मोजू नका. कमिटीच्या खर्चाच्या अधिकाराला मर्यादा असते आणि त्यावरच्या रकमेला सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते, म्हणून विशेष सभा लवकर बोलवायला सांगा. कमिटी म्हणाली, 'तुम्ही आत्ता करून घ्या, आम्ही नंतर देऊ', तर तसा ठराव लेखी घेतल्याशिवाय एक रुपयाही पुढे करू नका. कमिटी हलतच नसेल तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार करण्याचा मार्ग आहे. तो लांबचा आहे, पण पोच घेतलेला अर्ज हातात असला की कमिटी बहुधा त्याआधीच हलते. इमारत १५ वर्षांच्या वरची असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कधी झालं तेही विचारा. स्लॅबच्या सळया गंजल्या असतील तर वरून केमिकल मारून भागणार नाही, आणि ते कोटेशन देणारा कॉन्ट्रॅक्टर तुम्हाला सांगेलच असं नाही.

उरले बाथरूमचे ८५,०००. हा खर्च तुमचाच, आणि खाली शेजाऱ्यांचं नुकसान होतंय म्हणून तो लांबवूही नये. आता कार्डाकडे येऊ.

'बिनव्याजी' या एका शब्दाखाली बँका आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकतात आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली म्हणजे प्रत्येक कार्डावर असलेली बिनव्याजी मुदत. तुमचं बिल ५ तारखेला निघतं. ६ मे रोजी टाइल्स घेतल्या तर त्या ५ जूनच्या बिलात येतील आणि पैसे २५ जूनपर्यंत भरायचे, म्हणजे ५० दिवस मिळाले. त्याच टाइल्स ४ मे रोजी घेतल्या तर त्या दुसऱ्याच दिवशीच्या बिलात येतील आणि २५ मे रोजी पैसे द्यावे लागतील, म्हणजे तीनच आठवडे. एवढ्या साध्या गोष्टीसाठी कुणी कॅलेंडर बघत नाही. पण या मुदतीला एक अट आहे: बिल पूर्ण भरलं पाहिजे. शंभर टक्के. थोडं जरी मागे राहिलं तरी मुदत रद्द होते, आणि बहुतेक बँका व्याज शेवटच्या तारखेपासून न लावता खरेदीच्या दिवसापासून लावतात.

हे आकड्यांत बघा. समजा ८५,००० चं सगळं बाथरूम ६ मे रोजी कार्डावर गेलं. २५ जूनला तुम्ही ७५,००० भरले, १०,००० कमी पडले, ते २५ जुलैला भरले. कार्डाचा दर महिना ३.६ टक्के धरू, म्हणजे वर्षाला ४३.२ टक्के. आपल्याला वाटतं, १०,००० वर महिन्याचं व्याज, म्हणजे साडेतीनशे रुपये. प्रत्यक्षात आधी ८५,००० वर ५० दिवसांचं व्याज लागतं, ते ५,०३० रुपये. मग १०,००० वर तीस दिवसांचं ३५५. बेरजेवर १८ टक्के जीएसटी ९६९. एकूण ६,३५० च्या घरात. दहा हजार एक महिना उशिरा दिले त्याची ही किंमत. वर, ते १०,००० फिटेपर्यंत त्या कार्डावर घेतलेल्या दुधा-किराण्यालाही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, कारण मुदत सगळ्याच खरेदीची गेलेली असते. तुमच्या बँकेच्या 'महत्त्वाच्या अटी व शर्ती' या पत्रकात असं उदाहरण सोडवून दाखवलेलं असतं. ते एक पान तेवढं वाचा. आणि या दराला कायद्याची वरची मर्यादा असेल असं समजू नका. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली आहे.

दुसरी गोष्ट 'नो-कॉस्ट ईएमआय'. यात व्याज असतंच. दुकानदार किंवा कंपनी व्याजाएवढी सूट आधी देते, बँक उरलेल्या रकमेवर नेहमीसारखं व्याज लावते आणि दोन्ही मिळून मूळ किंमत येते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट अस्तित्वात नसते. एप्रिल २०२२ च्या कार्डविषयक निर्देशांत तर आणखी स्पष्ट आहे: ईएमआय करण्याआधी मुद्दल किती, व्याज किती आणि सूट किती हे वेगवेगळं दाखवायचं, तेच बिलातही वेगळं दाखवायचं, आणि व्याज असलेल्या ईएमआयला नो-कॉस्टचा मुखवटा चढवायचा नाही. हे तीन आकडे मागणं हा तुमचा हक्क आहे. दुकानातल्या पोराला माहीत नसतील तर मशीनमधून निघणाऱ्या स्लिपवर बघा.

ती स्लिप कशी वाचायची ते तुमच्याच उदाहरणावर सांगतो. बाथरूमच्या ८५,००० पैकी टाइल्स, कमोड, नळ, पाइप, केमिकल असा माल साधारण ४८,००० चा आणि मजुरी ३७,००० असं धरतो. (कॉन्ट्रॅक्टरकडून ही फोड लिहून घ्या. 'सगळं मिळून एवढे' हे कोटेशन मान्य करू नका.) ४८,००० चा माल सहा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घेतला, बँकेचा दर १५ टक्के. स्लिपवर सूट २,०३२ दिसेल, कर्जाची रक्कम ४५,९६८ आणि हप्ता ८,०००. सहा हप्त्यांचे ४८,०००, सगळं जुळतं. पण पहिलं बिल ८,००० चं येणार नाही. पहिल्या महिन्याचं व्याज ५७५ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १०३. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर जीएसटीसकट २३५. म्हणजे ८,३३८. बिलावर या ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात: मुद्दल, व्याज, व्याजावरचा कर, फी, फीवरचा कर. सहा महिन्यांत जीएसटी आणि फी मिळून साधारण ६०० रुपये जातात. साध्या वैयक्तिक किंवा गृहकर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो, कार्डाच्या व्याजावर असतो.

सहाशे रुपये हा काही मोठा खर्च नाही. मोठा खर्च स्लिपवर छापलेलाच नसतो. टाइल्सच्या आणि सॅनिटरीच्या दुकानात रोख किंवा यूपीआयने देणाऱ्याला भाव कमी होतो, हे तुम्हालाही माहीत आहे. चार टक्के जरी कमी झाले असते तरी १,९२० रुपये. ईएमआय म्हटल्यावर ती सूट गेली, कारण दुकानदाराने तीच बँकेला दिली. तेव्हा खरी किंमत २,५०० च्या आसपास, म्हणजे वर्षाच्या हिशेबाने १८ टक्क्यांच्या पुढे. म्हणून दुकानात शिरल्यावर आधी भाव करा, शेवटचा रोख भाव कागदावर लिहून घ्या, आणि मगच कार्ड दाखवून विचारा: याच भावावर नो-कॉस्ट होईल का? झालं तर सहाशे रुपयांत सहा महिने मिळाले, बिनधास्त घ्या. नाही झालं तर फरक तुमच्यासमोर लिहिलेला आहे.

खरेदी करून झाल्यावर बँक फोन करून 'हे बिल ईएमआयमध्ये करून देऊ का' विचारते, तो प्रकार तिसरा. त्यात कुणी सूट दिलेली नसते. उघड व्याज, फी आणि दोन्हीवर जीएसटी. नो-कॉस्ट समजून त्याला 'हो' म्हणू नका. पण बिल पूर्ण भरता येणार नाही असं दिसत असेल, तर शेवटच्या तारखेआधी तो ईएमआय करून घेणं परवडतं, कारण १५-१६ टक्के हे ४३ टक्क्यांपेक्षा केव्हाही बरे.

आता ज्या कारणासाठी मी दुरुस्तीची मजुरी कार्डावर टाकू देत नाही, ते सांगतो. फ्रिज घेतला तर किंमत ठरलेली, वस्तू ठरलेली, दुसऱ्या दिवशी घरात येते आणि चालते की नाही ते कळतं. दुरुस्तीचं तसं नाही. जुन्या टाइल्स फोडल्याशिवाय खाली काय आहे ते कुणालाच कळत नाही. २०११ साली मी माझ्या ठाण्याच्या घराचं बाथरूम काढलं. अंदाज ७०,००० होता आणि मी तेवढे कार्डावर हप्त्यात बसवून मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीने मला हाक मारली. भिंतीतला जुना जीआय पाइप त्याने हाताने दाबला तर पापुद्रे सुटून बोट आत गेलं. नहाणीचा ट्रॅप, म्हणजे पाणी बाहेर नेणारा खालचा सांधा, तडकलेला होता, आणि त्याच्याभोवतीची भर इतकी ओली की मुठीत दाबली तर पाणी गळत होतं. सगळी लाइन बदलावी लागली, नहाणी नव्याने बसवावी लागली, राबिट (फोडलेला मलबा) दोनदा उचलावं लागलं. हिशेब १,१२,००० वर गेला. वरचे ४२,००० त्याच कार्डावर गेले आणि ते मला एका बिलात भरता आले नाहीत. सहा महिने कार्डाचं व्याज भरलं, तेही कर्जविभागात काम करत असताना. तेव्हापासून जुन्या बाथरूमच्या कोटेशनमध्ये मी स्वतः किमान पाव हिस्सा वाढवून धरतो. तुमच्या ८५,००० चे १,०६,००० होऊ शकतात असं समजूनच पैशांची तयारी करा.

दुसरी बाजू याहून महत्त्वाची. कार्डावर कॉन्ट्रॅक्टरला सगळे पैसे पहिल्या दिवशी पोचतात. काम चांगलं झालं की नाही हे कळायला बाथरूममध्ये पाणी साठवून ठेवावं लागतं आणि गच्चीच्या बाबतीत एक पावसाळा जावा लागतो. पैसे आपल्या हातात असतात तोवर मिस्त्री फोन उचलतो, एवढं मी पुष्कळ घरांत पाहिलं आहे. म्हणून मजुरी टप्प्याटप्प्याने द्या. सुरुवातीला पाचव्या हिश्शाहून जास्त नको. फोडाफोडी होऊन वॉटरप्रूफिंगचे थर बसले की दुसरा टप्पा. मग टाइल्स लावायच्या आधी नहाणीचं तोंड बंद करून ४८ तास पाणी भरून ठेवायचं. पाण्याच्या पातळीची भिंतीवर पेन्सिलीने खूण करा आणि खालच्या शेजाऱ्यांकडे जाऊन छताला हात लावून बघा. कोरडं असेल तरच तिसरा टप्पा आणि टाइल्सला सुरुवात. शेवटचे दहा टक्के पावसाळा संपेपर्यंत हातात राहतील, असं कोटेशनवरच लिहून दोघांनी सही करा. कार्डाच्या एका स्वाइपमध्ये ही सगळी पकड सुटते.

इथेच तुमच्या बहिणीचं उदाहरण वेगळं पडतं. ब्रिटनमध्ये खरेदीवर शून्य टक्के व्याजाची कार्डं खरोखर मिळतात आणि मुदत वर्षाहून मोठीही असते. दर महिन्याला किमान रक्कम भरायची, हप्ता चुकला तर सवलत काढून घेतली जाऊ शकते आणि मुदत संपल्यावर उरलेल्या रकमेवर नेहमीचा दर लागतो, एवढं सांभाळलं की झालं. शिवाय तिथल्या १९७४ च्या ग्राहक पतपुरवठा कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतच्या किमतीच्या वस्तू-सेवेसाठी कार्ड कंपनी विक्रेत्याइतकीच जबाबदार धरता येते. छप्पर करणारा अर्ध्यात पळाला तर तुमची बहीण थेट कार्ड कंपनीकडे भरपाई मागू शकते. तिने कार्ड वापरलं ते शहाणपणाचंच केलं. आपल्याकडे असं कलम नाही. चार्जबॅकची, म्हणजे बँकेमार्फत कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत मागण्याची, सोय आहे, पण ती कार्ड नेटवर्कच्या नियमांवर चालते, आणि 'प्लास्टर नीट केलं नाही' ही तक्रार त्यात बसवणं फार अवघड. तिचा सल्ला लेस्टरसाठी बरोबर आहे. डोंबिवलीत तो तसाच लागू होत नाही.

मुदतीचाही फरक आहे. २,४०,००० ला महिना १२,००० ने वीस महिने लागतात. आपल्याकडची नो-कॉस्ट योजना बहुधा तीन, सहा, नऊ किंवा बारा महिन्यांची असते. बारा महिन्यांत बसवायचं तर हप्ता २०,००० होतो, तुमच्या ताकदीच्या दीडपटीहून जास्त. सोसायटीचा प्रश्न नसता तरी सगळं कार्डावर टाकू नका असंच मी म्हटलं असतं.

कॉन्ट्रॅक्टर कार्ड घेतो म्हणाला तर तो काय करणार आहे ते नीट विचारा. स्वतःचं मशीन असेल तर 'दोन टक्के वर लागतील' म्हणेल, आणि जीएसटीचं बिल दिलं तर १८ टक्के कर. तो जीएसटीत नोंदलेला नसेल तर कर लावण्याचा त्याला अधिकार नाही, हेही लक्षात ठेवा. पुष्कळदा 'माझ्या ओळखीच्या दुकानातून कार्ड मारून रोख काढून देतो' असा पर्याय पुढे येतो. त्याला ठाम नकार द्या. खोट्या बिलावर कार्ड मारून रोख काढणं हा कार्डाच्या अटींचा भंग आहे, कार्ड बंद होऊ शकतं, आणि पुढे वाद झाला तर तुमच्या हातात टाइल्सचं किंवा मोबाइलचं बिल असतं, मजुरीचं नसतं. एटीएममधून कार्डावर रोख काढू नका. त्याला बिनव्याजी मुदत नसतेच, पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर अडीच-तीन टक्के फी.

मालाच्या खरेदीतही एक गोष्ट आधी कुणी सांगत नाही. काम झाल्यावर टाइल्सचे एक-दोन बॉक्स उरतात आणि दुकानदार ते परत घेतो. रोख खरेदी असेल तर पैसे मिळतात. ईएमआयवर घेतल्या असतील तर बहुतेक दुकानदार क्रेडिट नोट (पुढच्या खरेदीत वळती करायची पावती) हातात देतात, आणि हप्ता होता तेवढाच चालू राहतो. कार्डावर परतावा आलाच तरी थोड्या रकमेसाठी हप्ता आपोआप कमी होईलच असं नाही, आणि ईएमआय मध्येच बंद करायला वेगळी फी लागते. म्हणून ईएमआयवर नेमक्या मापाचाच माल घ्या. कमी पडला तर एक बॉक्स नंतर रोखीने आणा. तोच बॅच नंबर मिळावा म्हणून बॉक्सवरच्या लेबलचा फोटो काढून ठेवा, नाहीतर छटा वेगळी येते आणि रोज डोळ्याला खुपते.

तुमच्या लिमिटचंही बघू. ३,००,००० पैकी ४८,००० अडकले तर फार फरक पडत नाही. २,४०,००० अडकले असते तर लिमिटच्या ८० टक्के वापर दिसला असता आणि क्रेडिट स्कोअर खाली आला असता. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती निदान पंधरवड्यातून एकदा तरी कळवावी लागते, त्यामुळे परिणाम लवकर दिसतो. येत्या वर्षभरात गृहकर्ज किंवा मुलांचं शैक्षणिक कर्ज घ्यायचं असेल तर हे ध्यानात असू द्या.

कार्डाशिवायचे पर्याय थोडक्यात. नोकरीच्या ठिकाणी पतपेढी असेल तर आधी तिथे विचारा. पगारातून कपात होते, चुकण्याचा धोका नाही. मुदत ठेव असेल तर ती मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ठेव तारण ठेवून लागतील तसे पैसे काढा. ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक टक्का जास्त पडतो आणि जेवढे दिवस पैसे वापराल तेवढ्याच दिवसांचं व्याज. वाढत्या, टप्प्याटप्प्याच्या कामाला याहून चांगली सोय मला माहीत नाही. चालू गृहकर्ज असेल तर त्यावर टॉप-अप (वाढीव कर्ज) मिळतो, पण ८५,००० साठी ती कागदपत्रं करायला मी सांगणार नाही. सोनं तारण ठेवायचं की नाही हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. व्याजाच्या हिशेबाने मात्र ते कार्डाच्या थकबाकीपेक्षा कितीतरी स्वस्त.

एवढं सगळं धरून तुमचा हिशेब असा बसतो. गच्ची आणि हॉलचं छत यासाठी अर्ज सोसायटीला, आजच. बाथरूमचा माल ४८,००० चा, सहा महिन्यांच्या नो-कॉस्टवर, रोख भावात मिळत असेल तरच. हप्ता ८,०००, म्हणजे तुमच्या १२,००० पैकी ४,००० दर महिन्याला मोकळे राहतात आणि गच्चीची वर्गणी आली तर त्यातून जाईल. मजुरी ३७,००० हातातल्या ६०,००० मधून, टप्प्याने, यूपीआयने, प्रत्येक वेळी 'बाथरूम काम, टप्पा अमुक' असं लिहून. उरलेले २३,००० फोडल्यावर निघणाऱ्या खर्चासाठी राखून ठेवा, त्यांना हात लावू नका. नो-कॉस्ट मिळालं नाही आणि ठेव असेल तर माल ओव्हरड्राफ्टमधून घ्या. ठेव नसेल तर ४८,००० हातातून द्या आणि मजुरीचे टप्पे दर महिन्याच्या बचतीप्रमाणे पाडता येतील का ते कॉन्ट्रॅक्टरशी बोला. आधी सांगितलं तर पुष्कळ जण ऐकतात.

हे सहा महिने त्याच कार्डावर दुसरं काही घेऊ नका. किराणा, पेट्रोल, सगळं डेबिट कार्डाने किंवा यूपीआयने. बिलात फक्त हप्त्याची ओळ राहिली म्हणजे पूर्ण रक्कम भरली की नाही याची शंका राहत नाही. बँकेत ऑटो-डेबिट लावताना 'किमान रक्कम' आणि 'पूर्ण रक्कम' असे दोन पर्याय येतात. फॉर्मवर पुष्कळदा किमान रकमेवरच आधी टिक असते. ती बदला.

माल ६ मे किंवा त्यानंतर घ्या, ५ च्या आत नको. मिस्त्रीला ८ तारखेपासून बोलवा. फोडणं, थर, वाळणं, पाणी साठवण्याची चाचणी आणि टाइल्स मिळून दोन ते अडीच आठवडे लागतील, म्हणजे पावसाच्या आधी काही दिवस हाताशी उरतात. आणि कोटेशन परत लिहून घ्याल तेव्हा नहाणीचा ट्रॅप व कन्सिल्ड (भिंतीतले) पाइप बदलायची वेळ आली तर दर काय, हे त्याच कागदावर आत्ताच लिहून घ्या. भिंत फोडल्यावर विचाराल तर दर वेगळा असतो.